बाजू घ्यायलाच हवी
वर एकांनी लिहिलंय की धर्म-तत्त्वज्ञानाच्या शालेय निबंध स्पर्धेत मुलांनी कुठलीच बाजू घेऊ नये, सगळ्यांची मतं सांगून मोकळं व्हावं. मला हे अजिबात पटत नाही.

मतांची यादी म्हणजे निबंध नव्हे, पोरगं विचार कसं करतंय ते दिसलं पाहिजे, म्हणजे समजा विषय आहे 'नीतीला देवाचा आधार लागतो का', तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादातला सॉक्रेटिसचा प्रश्न घ्या, देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं मानलं तर उद्या देवाने क्रौर्याला चांगलं म्हटलं की तेही चांगलं ठरणार का, आणि दुसरं मानलं तर चांगुलपणाचं माप देवाच्या बाहेर कुठेतरी आहे हे कबूल करावं लागतं. पण इथेच थांबायचं नाही. श्रद्धावान लोकांकडे यावर उत्तर आहे, की चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे, त्यामुळे हे दोनच पर्याय उरत नाहीत. ते उत्तर मुलाने आधी प्रामाणिकपणे, पूर्ण ताकदीने मांडावं आणि मग आपल्याला ते पुरेसं वाटतं का ते कारणासकट लिहावं. खरा कस तिथेच लागतो.

शब्दमर्यादा, संदर्भ वगैरे सगळेच सांगतात. फक्त प्लीज 'देव आहे की नाही' एवढा अवाढव्य विषय नको, त्यापेक्षा १७५५ चा पोर्तुगालमधल्या लिस्बनचा भूकंप घ्या, ऑल सेंट्स डेच्या, म्हणजे ख्रिश्चनांच्या सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लोक चर्चमध्ये असताना झालेला, देव दयाळू असेल तर हे का, यावर युरोपभर केवढा वाद पेटला होता.