'गेट बॅक'चे आठ तास: मला एकही मिनिट जास्त वाटलं नाही

सांजधून:
पीटर जॅक्सनची 'द बीटल्स: गेट बॅक' (२०२१) पाहून संपवली. तीन भाग, जवळजवळ आठ तास. दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉग यांनी जानेवारी १९६९ मध्ये 'बीटल्स' या ब्रिटिश बँडचं (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार) सुमारे ६० तासांचं चित्रण केलं होतं, त्यातून ही डॉक्युमेंटरी उभी केलीय. "फार लांबवलीय" ही तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली, मला ती अजिबात मान्य नाही.

लंडनमधल्या ट्विकनहॅमच्या स्टुडिओतली एक सकाळ. लेनन अजून आलेला नाही. मॅकार्टनी बास गिटारवर नुसता झंकारत बसलाय, तोंडाने अर्थ नसलेले शब्द. समोर जॉर्ज हॅरिसन जांभई देतोय. आणि बघता बघता त्यातून 'गेट बॅक'ची चाल वर येते! गाणं असं जन्मताना मी कधीच पाहिलं नव्हतं. त्याआधीचा रटाळ वेळ त्यांच्यासोबत काढलेला असतो म्हणूनच ते अंगावर येतं. त्याच गोष्टीची दीड तासाची आवृत्ती केली असती तर तो एक छान किस्सा झाला असता, बस.

जॉर्जच्या 'समथिंग' गाण्याचंही तसंच. जॉर्जला एका ओळीत शब्द सापडत नाही. लेनन सांगतो, सापडेपर्यंत काहीही म्हण, फ्लॉवर म्हण. इतकं मोठं गाणं, आणि त्या जागी भाजीचं नाव!

उत्तररात्र:
दृश्यं सुंदर आहेत, वाद नाही. पण साठाचे आठ केले म्हणजे निवड झालीच ना? निर्मात्यांची नावं बघा: मॅकार्टनी, रिंगो, लेननची पत्नी योको ओनो, जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन. घरच्यांनीच काढलेला चित्रपट आहे हा. लिंडसे-हॉग यांचा १९७० चा 'लेट इट बी' याच चित्रणातून केलेला, ८० मिनिटांचा, आणि किती उदास! २०२४ मध्ये तो पुन्हा उपलब्ध झालाय. एकदा शेजारी शेजारी पाहा. तेच लोक, तोच महिना, आणि इथे मात्र सगळे हसतायत. शिवाय चित्र इतकं गुळगुळीत केलंय की चेहरे मेणाचे वाटतात.

सांजधून:
झाकायचंच असतं तर जॉर्ज १० जानेवारीला बँड सोडून जातो ते दाखवलं असतं का? तुमच्या उदास 'लेट इट बी'मध्ये तो प्रसंग नाहीच. इथे तो गेल्यावरचं लेननचं बोलणंही आहे, की आला नाही तर गिटारवादक एरिक क्लॅप्टनला घेऊ. घरच्यांनी हे ठेवू दिलं, याचं मला मोल वाटतं.

मंद्रसप्तक:
माझी हरकत वेगळी आहे. खासगी बोलायचं असलं की ही मंडळी मुद्दाम गिटार वाजवत राहायची, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये शब्द बुडतील. जॅक्सनच्या चमूने सॉफ्टवेअर वापरून गिटार बाजूला काढली आणि बोलणं वर आणलं. कॅन्टीनमध्ये तर फुलांच्या कुंडीत माइक लपवलेला. लेनन आणि मॅकार्टनीला वाटतंय आपण दोघंच बोलतोय, आणि आज आपण ते घरी बसून ऐकतो. जे त्यांनी झाकलं ते उघडं करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

सांजधून:
प्रश्न बोचरा आहे. पण कुंडीतलं ते संभाषण नसतं तर जॉर्जची जखम आपणच चिघळू दिली, हे लेननला कळत होतं, हे आपल्याला कधीच समजलं नसतं. पन्नास वर्षं लोक त्याला बेफिकीर समजत आले. माझ्या लेखी ते ऐकण्याने त्याला न्याय मिळाला.

षड्जगंधार:
जॉर्जवर आणखी बोला. एकच वर्ष आधी, जानेवारी १९६८ मध्ये, तो मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत होता. 'वंडरवॉल म्युझिक' या स्वतःच्या अल्बमसाठी आपल्या वादकांना घेऊन स्वतः रेकॉर्डिंग करत होता. त्याच्या 'दि इनर लाइट' गाण्याचं वादन तिथलंच. इतकं सगळं स्वतःच्या हिमतीवर करून आलेला माणूस ट्विकनहॅममध्ये 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे आपलं गाणं पुढे ठेवतो, आणि ते मागे पडतं. हे पाहताना मला राग आला, आजही येतो. बँडबाहेरचा वादक बिली प्रेस्टन २२ जानेवारीला कीबोर्डवर बसतो आणि सगळे एकदम नीट वागायला लागतात. पाहुण्यासमोर जमतं, तर धाकट्यासमोर का नाही?

उत्तररात्र:
हे अगदी पटलं. आणि हे दिसायला 'लेट इट बी'ची ८० मिनिटं अपुरी पडली असती. लांबीबद्दलचा मुद्दा मी सोडतो, गुळगुळीत चेहऱ्यांचा सोडत नाही.

मंद्रसप्तक:
मी माझा सोडत नाही. मॅकार्टनी आणि रिंगो स्वतः हो म्हणू शकले. लेनन १९८० मध्ये गेला, जॉर्ज २००१ मध्ये. त्यांच्या वतीने पत्नींनी होकार दिला, कायद्याला ते पुरेसं असेल. पण ज्याने शब्द लपवायला गिटार वाजवली, त्याची इच्छा त्या टेपवरच नोंदवलेली आहे. लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावरच्या इमारतीच्या गच्चीवरची ३० जानेवारीची मैफल त्यांनी लोकांसाठी वाजवली, ती मी कितीदाही पाहीन. कॅन्टीनचा भाग दुसऱ्यांदा पाहणार नाही.