नागपूर विमानतळाचं जुनं टर्मिनल : पाडायचं की जोडून वाढवायचं?

मुरूमखडक : सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, नवं टर्मिनल होणार म्हटलं की आमच्या हिंगणघाटकडचे लोक लगेच 'मग जुनं पाडा' म्हणतात. माझं मत उलट आहे. सांगाडा धड असेल तर कॉलमना जॅकेटिंग करा, म्हणजे भोवती नव्या सळया अन् काँक्रीट. जागा अडत असेल तिथं कार्बन फायबर गुंडाळा आणि बाजूला वाढवत न्या. मुंबई विमानतळाचं टर्मिनल-2, म्हणजे टी-2 (2014), जुनं चालू ठेवूनच टप्प्याटप्प्यानं उभं केलं. त्याचा एक्स आकारही त्याच अडचणीतून निघाला.

सेंट्रिंगवाला : अन् मुंबईत जुनं शेवटी पाडलंच, ते कायले नाही सांगत? आमच्या गावच्या शाळेची जुनी खोली मुरमावर, नवी काळ्या मातीवर. ठेकेदारानं जुन्या बीममध्ये सळया ठोकून स्लॅब जोडला. दोन पावसाळ्यांत जोडावर बोट जाईल एवढी भेग पडली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. टर्मिनलले वेगळा न्याय हाय का?

मुरूमखडक : भेग जोडल्यामुळे पडली, वाढवल्यामुळे नाही. नव्या भागाचा पाया काळी माती ओलांडून कठीण थरावर न्यायचा, कॉलम स्वतंत्र ठेवायचे आणि जुन्या-नव्याच्या मधे हलायला जागा सोडायची, म्हणजेच जॉइंट. हिशेब सोपा आहे. लोखंड एका अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन वाढतं. जानेवारीची पहाट अन् मेची दुपार यांत 40 अंशांचा फरक धरला, तर 100 मीटरचा ट्रस, म्हणजे छताचा लोखंडी सांगाडा, 48 मिलिमीटर हलतो. ही हालचाल जुन्या इमारतीच्या अंगावर ढकलायची नाही, बस.

बेलोरा_रिटर्न : राजेहो, अमरावतीले 16 एप्रिल 2025 पासून विमान सुरू झालं. नागपूरले गर्दी कायले वाढवता?

मुरूमखडक : धागा छताचा आहे, तिकिटाचा नाही.

पाणंद : जॉइंट ठेवला की गळतो, हे सगळ्या बसस्टँडवर पाहून घ्या. टी-2 चं जवळपास 70,000 चौरस मीटरचं छत तर जॉइंटशिवाय आहे. मग इथं कशाला?

मुरूमखडक : तिथं ते छत 30 उंच खांबांवर आहे. जॉइंट नसल्याचा ताण मोजून त्या खांबांतच मुरवलाय. जुन्या टर्मिनलचे खांब बुटके अन् ताठर असले तर तोच ताण त्यांना तडकवेल. गळणं हा कारागिरीचा दोष. जॉइंटमधली रबरी पट्टी दर काही वर्षांनी बदलावी लागते, पण तिचं टेंडर निघत नाही.

सेंट्रिंगवाला : चला, जॉइंट मान्य. आता दिल्लीचं बोला. 28 जून 2024 ले टी-1 चं बाहेरचं छत पडलं, एक माणूस गेला. पडला तो 2009 चा जुना भाग होता. त्याच टर्मिनलच्या नव्या इमारतीचं उद्घाटन मार्चमध्येच झालं होतं. म्हणून म्हणतो, जुन्यावर भरवसा ठेवू नका.

मुरूमखडक : 2009 चं बांधकाम म्हातारं नव्हे. पाडायचाच नियम केला तर दर पंधरा वर्षांनी टर्मिनल पाडत बसू. त्यापेक्षा तपासणीवर खर्च करा. छताच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या तर चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 100 किलो, अन् ते वाकलेल्या जागीच आणखी साचतं.

सेंट्रिंगवाला : तपासणी म्हणजे लांबून फोटो काढणं नाही. कॉलममधून कोर, म्हणजे काँक्रीटच्या गोल कांड्या, काढून दाबून पाह्यल्या का, सळईले गंज किती, जुने नकाशे अन् प्रत्यक्ष फुटिंग (कॉलमखालचा पाया) जुळते का, एवढं आधी कागदावर दाखवा. अन् खाली प्रवासी असताना वेल्डिंग कोण करू देईल? विमानं थांबतील त्या दोन-तीन तासांत टेकू लावायचे का काम करायचं?

मुरूमखडक : म्हणूनच छताचे तुकडे बाहेर जोडून आणायचे. अमेरिकेत पोर्टलंडच्या विमानतळानं नवं लाकडी छत असंच बाजूला जोडलं, मग सरकवत आणून बसवलं. खाली टर्मिनल सुरूच होतं.

सेंट्रिंगवाला : तिथलं झालं. नागपुरात ते जोडायले मोकळी जागा कुठं, ते नकाशावर खूण करून टाका. मंग बोलू.