श्रीलंकेत लढलेल्या जवानांचा सत्कार आणि नामफलक : यादी, खात्री कशी करायची?

सिन्नरकर :
ऑपरेशन पवनमध्ये (भारतीय शांतिसेनेची मोहीम, 1987-90) श्रीलंकेत गेलेल्या सिन्नर-निफाडकडच्या माजी सैनिकांचा सत्कार आणि गावात शहिदांचा दगडी फलक करायचा आहे. कारगिलची नावं पोरांना पाठ आहेत, यांची कुणी विचारतही नाही. यादी कुठून मिळवायची? तारीख कोणती धरावी?

देवळाली_कॅम्प :
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या. पत्ते-फोन मागू नका. तुमचं निमंत्रण त्यांनीच पुढे पाठवावं अशी विनंती करा.

खात्रीसाठी डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) बघा. नुसतं 'स्पेशल सर्व्हिस मेडल' पुरत नाही, ते इतर मोहिमांनाही मिळतं. क्लॅस्प (पदकाच्या फितीवरची मोहिमेचं नाव असलेली पट्टी) श्रीलंकेचा हवा. विशिष्ट सेवा पदक हे वेगळंच, तिथे हमखास गल्लत होते. कागद हरवले असतील तर जवानाने किंवा वीरपत्नीने आर्मी नंबर घालून आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं : तोफखान्याचं इथेच नाशिकरोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.

गोदाकाठ :
या मोहिमेत जवळपास 1200 जवान शहीद झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्यांची नावं आहेत, हुद्दा आणि युनिट तिथून ताडून घ्या. पण इंग्रजी स्पेलिंगवरून गिते की गीते ते कळत नाही. घरच्यांकडून मराठीत लिहून घ्या आणि कोरण्याआधी प्रूफवर त्यांची सही घ्या. दगडावर खाडाखोड होत नाही.

काळा ग्रॅनाइट, 3 बाय 2 फूट, 18 मिमी जाड. अक्षर पाऊण इंचाहून लहान नको, जोडाक्षरं रंगाने बुजतात. कोरीव खोल ठेवा, कारण सोनेरी रंग उन्हाने उडतो आणि मग वाचता येतं ते खोलीमुळेच. फलकाचं वजन 27 किलोच्या आसपास भरतं, नुसत्या चिकटवणीवर सोडू नका. चार कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावा. लोखंडी बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात गंजून नावांवर ओघळ आणतात.

देवळाली_कॅम्प :
तारीख 25 नोव्हेंबर धरा. 1987 साली त्याच दिवशी 8 महारचे (महार रेजिमेंटची आठवी बटालियन) मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र. जन्म मुंबईचा, हे निवेदकाला आवर्जून सांगायला लावा.

आता बहुतेक जण साठीपुढचे आहेत. त्यांना स्टेजवर चढवू नका, खुर्चीपाशी जाऊन शाल-श्रीफळ द्या. नाव पुकारताना आधी हुद्दा, मग नाव, मग युनिट. तोफखान्यातल्यांना कमी ऐकू येत असेल, स्पीकर पुढच्या रांगेजवळ ठेवा.