हित्ती भाषेतलं ‘वातर’ आणि त्याची षष्ठी

हित्ती ही अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, प्राचीन भाषा. तिच्यातलं ‘वातर’ म्हणजे पाणी. ते इंग्रजीतल्या ‘वॉटर’शी जुळतं हा निव्वळ योगायोग, असं एक मत आहे; मला ते पटलं नाही. एकच शब्द जुळला असता तर मीही तसंच म्हटलं असतं. पण चेक अभ्यासक ह्रोझ्नीने 1915 मध्ये ज्या वाक्यावरून हित्तीचं कोडं सोडवलं (‘आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल’), त्यातलं ‘एझ्झतेनि’ (तुम्ही खाल) हे क्रियापदही संस्कृतच्या ‘अद्’शी (खाणे) नातं सांगतं. भाकरीसाठी तिथे सुमेरी या आणखी जुन्या भाषेतलं चिन्ह होतं, ते आधीच ठाऊक असल्यामुळे बाकीचं हाती लागलं.

खरी गंमत मात्र विभक्तीत आहे. ‘वातर’ची षष्ठी ‘वितेनास’. म्हणजे प्रथमेत र, पुढे न. रक्ताचंही तेच: ‘एश्हर’, पण ‘इश्हनास’. आता आपल्याकडे संस्कृतात पाहा: असृज् (रक्त), षष्ठी अस्नः; यकृत्, षष्ठी यक्नः. पाणिनीने 6.1.63 या सूत्रात उदक, यकृत्, असृज् यांना द्वितीया बहुवचनापासून उदन्, यकन्, असन् असे आदेश (मूळ शब्दाच्या जागी येणारी रूपं) सांगितलेत. पाठ करताना हा अपवादांचा वैताग वाटतो, पण हीच अदलाबदल अनातोलियात मातीच्या पाट्यांवर लिहिलेली सापडते. शब्द उसना घेता येतो, योगायोगानेही जुळतो. असला आडमुठा विभक्तीचा खोडसाळपणा दोन भाषांत आपोआप उगवत नाही. ‘उदन्’चा र-वाला भाऊ संस्कृतात ‘उद्र’मध्ये उरलाय, पाण्यात राहणारा प्राणी. मराठीत पाणमांजराला ‘ऊद’ म्हणतात, तो त्यातलाच.