मॅग्नमसाठी जड ओतीव गोळी: कठीण मिश्रण हवे की अचूक माप?

मूळ मांडणी (वागळे इस्टेट, ठाणे)

ॲरिझोनात राहणारा माझा मेहुणा .44 मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्वरसाठी शिशाच्या जड गोळ्या स्वतः ओततो आणि काडतुसेही स्वतः भरतो. तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा असल्याने ही चर्चा धातुशास्त्रापुरतीच आहे. त्याच्या नळीत शिसे चढू लागले, तेव्हा ज्याला विचारावे तो "मिश्रण आणखी कठीण कर" एवढेच सांगत होता. ओतकामात उमेदीची वर्षे गेलेल्या मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो.

नळीत शिसे चढते ते बहुतेक वेळा गोळी नरम असल्यामुळे नव्हे, तर ती मापाला कमी भरल्यामुळे. गोळी आणि नळी यांच्यात फट राहिली की तापलेला वायू त्या फटीतून पुढे धावतो, जाताना गोळीची कड वितळवतो आणि ते शिसे पोलादावर फासतो. .44 च्या नळीत चरांचा (गोळीला फिरवणाऱ्या, आत कोरलेल्या पिळदार खाचांचा) व्यास .429 इंच असतो. ओतीव गोळी त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड हवी आणि सिलिंडरच्या प्रत्येक घराचे तोंड तिला चेपणार नाही इतके मोकळे हवे. तोंडच अरुंद असेल, तर साच्यातून कितीही नेटकी गोळी काढली तरी ती नळीत शिरण्यापूर्वीच बारीक झालेली असते. नरम गोळी दाबाखाली किंचित फुगून फट बुजवू शकते. कठीण गोळी तसे करत नाही, म्हणजे उपायानेच दुखणे वाढते. .44 मॅग्नम 1955 च्या अखेरीस आले, पण बंदुकांवर लिहिणारे अमेरिकन लेखक एल्मर कीथ त्याच्या कितीतरी आधीपासून .44 स्पेशल या जुन्या काडतुसात सुमारे 250 ग्रेनची, म्हणजे 16 ग्रॅमची, ओतीव गोळी वापरत होते, आणि त्यांचा भर साध्या शिसे-कथलाच्या मिश्रणावर होता.

प्रतिसाद (ऐरोली)

मापाचा मुद्दा मान्य, पण तो रिव्हॉल्वरचा नियम आहे; रायफलला तो जसाच्या तसा लागू होत नाही. .45-70 हे 1873 चे काडतूस काळ्या दारूसाठी होते आणि त्या वेगाला 405 ग्रेनची नरम गोळी पुरत होती. आजच्या मजबूत रायफलींमध्ये वेग वाढवला की नरम शिसे चरांना धरून फिरत नाही, त्यांच्यावरून घसरते. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता (धातूचा कठीणपणा मोजण्याचे एक माप) 5 च्या आसपास असते; 90 टक्के शिसे आणि 5-5 टक्के कथील व अँटिमनी घातले की ती 15 पर्यंत जाते, लायनोटाइप या छपाईच्या खिळ्यांच्या मिश्रणाची 22.

माझे वडील छापखान्यात होते, म्हणून लायनोटाइपविषयी विशेष आपुलकीने लिहितो. 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी, 4 टक्के कथील हे मिश्रण सुमारे 240 अंश सेल्सिअसवर एकदम वितळते आणि एकदम गोठते, मध्ये लगद्याची अवस्था जवळजवळ नसतेच. त्यामुळे अक्षराची कड धारदार उठत असे, आणि गोळीचा साचाही त्याच कारणाने कानाकोपऱ्यापर्यंत भरतो.

मूळ लेखक

साचा भरतो हे खरे, पण एवढी अँटिमनी असलेली गोळी ठिसूळ असते आणि जनावराच्या हाडावर आपटून फुटू शकते. जड गोळी निवडायची ती वजन टिकवून खोल जाण्यासाठी. ती फुटली तर एवढे वजन घेऊन काय साधले? रायफलसाठी मध्यम मिश्रण आणि बुडाला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. जड गोळी लांब असते, तिला स्थिर ठेवायला नळीतल्या चरांचा पीळही जलद लागतो; .44 च्या जुन्या मार्लिन 1894 रायफलीत तो 38 इंचांत एक फेरा असल्याने फार जड गोळ्या तिला मानवत नाहीत. तिथे कठीण मिश्रणही उपयोगी पडत नाही.

प्रतिसाद (खारघर)

आपण दोघेही शिसे वापरावे हे गृहीत धरून बोलत आहात, आणि माझा विरोध तिथेच आहे. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा पूर्णपणे बंद केला, कारण गोळीचे कण असलेले मांस खाऊन काँडोर गिधाडे मरत होती. ओतणाऱ्यालाही धोका आहे: वितळलेल्या शिशावरची मळी काढताना उडणारी धूळ हाताला लागते आणि जेवताना पोटात जाते. तांब्याच्या गोळ्या उपलब्ध असताना हा हट्ट कशासाठी?

प्रतिसाद (ऐरोली)

धुळीविषयी आपले म्हणणे अगदी बरोबर आहे; हात न धुता पाण्याच्या बाटलीलाही स्पर्श करू नये. परंतु तांब्याची घनता 8.9 आणि शिशाची 11.3 आहे. तितक्याच वजनाची तांब्याची गोळी बरीच लांब होते, रिव्हॉल्वरच्या ठरावीक लांबीच्या सिलिंडरमुळे ती काडतुसात खोल बसवावी लागते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो.

प्रतिसाद (खारघर)

मग वजन कमी करावे. तांबे हाडावर फुटत नाही, सगळे वजन शेवटपर्यंत टिकवते, त्यामुळे हलकी तांब्याची गोळीही पुरेशी खोल जाते. जडपणाची गरज शिशाच्या नरमपणातून निर्माण झाली आहे, आणि मूळ लेखकांनी याचे उत्तर अद्याप दिलेले नाही.

मूळ लेखक

शिकारीच्या बाबतीत आपला युक्तिवाद मी मान्य करतो. मात्र ओतीव गोळी मापाला कमी-जास्त झाली तर साचा बदलून किंवा सायझिंगच्या (गोळी दाबून ठरावीक व्यासाला आणणाऱ्या) साच्यातून काढून ती त्या एका नळीला नेमकी जुळवता येते. विकतची तांब्याची गोळी कारखान्याने ठरवलेल्या मापातच मिळते. निशाण्यावर नेम धरणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, आणि तिथे मी शिशाचीच बाजू घेईन.