कोल्हापुरात राहून जपानी तलवार शिकता येईल काय? सल्ला पाहिजे

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, वय ३१, राजारामपुरीत राहतो, नोकरी शिफ्टची. शाळेत दोन वर्षं कराटे केलं, मग सुटलं. आता जपानी तलवारीचं खूळ बसलंय, पॉइंट मोजायचं स्पोर्ट नको, कोर्यू म्हणजे १८६८ च्या आधीच्या जुन्या घराण्यांपैकी काहीतरी. बोकुतो, म्हणजे सरावाची लाकडी तलवार, ऑनलाइन मागवला आणि गच्चीवर व्हिडिओ बघून फिरवायलोय, शेजारच्या काकू पापडाचं वाळवण गुंडाळून खाली पळतात. असं घरी जमतं काय, का शिकायला पुणं गाठावं?

तांबडा_पांढरा:
भावा, जपान कशाला, पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिक की! लाठी, पट्टा, विटा, सगळं दारात असताना.

रंकाळाकाठ:
मान्य आहे ओ, पण मन तिकडंच ओढतंय.

काठीवाला:
मी दोन्ही केलंय म्हणून सांगतो. पट्ट्यात मनगट लोखंडी खोबणीत अडकलेलं, वार खांद्यातनं येतो. कतानाला, म्हणजे जपानी तलवारीला, दोन्ही हात, जोर डाव्या हाताचा, उजवा नुसता दिशा देणार. मी उजव्यानंच हाणत होतो, ते मोडायला वर्ष गेलं. आणि व्हिडिओत हे कळतच नाही, कारण कातोरी शिन्तो-र्यूसारख्या पंधराव्या शतकातल्या घराण्यात काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सराव, जोडीनं करतात, समोर वार घेणारा जाणता माणूस असतो, तो अंतर चुकवून चुकवून तुला शिकवतो. गच्चीवर तुझ्यासमोर कोण, पाण्याची टाकी?

आधी एक सर्टिफिकेटवाला गाठला होता मी, नाव नको. सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट, पैसे रोख. गुरू कोण विचारलं तर विषय बदलायचा. तुला कोण भेटलं तर एवढंच विचार, तुम्ही कुणाकडं शिकला आणि अजून त्यांच्याकडं जाता काय. दानच्या डिग्र्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, १८८३ ला ज्युदो काढणाऱ्या कानोंनी सुरू केल्या, जुन्या घराण्यांत मोकुरोकु, मेन्क्यो असले परवाने चालायचे, तेव्हा जुन्या घराण्याचं नाव सांगून नुसता दानचा आकडा फेकणारा दिसला तर दोन प्रश्न जास्त विचार.

मातीतली_ज्युदोका:
माझं मत, तोवर इथं ज्युदो लाव. पडायला शिकशील, आणि पडणं कुठल्याही कलेत लागतंच. मी घरच्या आखाड्यात मातीत वाढलेली, मॅटवर पहिल्या दिवशी हात जमिनीवर आपटायचा सोडून कोपर टेकवलं, आठवडाभर भाकरी थापता आली नाही. आणि केंडोला, म्हणजे तलवारीच्या त्या पॉइंटवाल्या खेळाला, नाक मुरडू नका, त्यातली सरावाची तलवार म्हणजे शिनाई, मोठ्यांची ३९ नंबरची १२० सेंटीमीटरची, बांबूच्या चार पट्ट्यांची, एक पट्टी चिरली की ढलपी डोळ्यात जाते, म्हणून रोज तपासायची. ती शिस्त पण जुनीच आहे.

रंकाळाकाठ:
पटलं. ज्युदोच्या क्लासला उद्या जातो, आणि महिन्यातनं दोन रविवार पुण्याचे. काठीवाले, तुम्ही पहाटेच्या एसटीनं जाता काय?

काठीवाला:
हो, रविवारी पाचला स्टँडवर ये. बोकुतो गोणपाटात गुंडाळून आण, मागल्या खेपेला कंडक्टरनं माझ्या बोकुतोचं हाफ तिकीट मागितलं.