नोकरीवर परतल्यानंतर अंगावरचे दूध चालू कसे ठेवावे?

प्रश्न (बोरिवली)
बाळ साडेपाच महिन्यांचे आहे आणि सोमवारपासून मला चर्चगेटजवळच्या कार्यालयात रुजू व्हायचे आहे. घराबाहेर अकरा तास जातील. दूध आता आटणारच आणि काढून ठेवलेले दूध म्हणजे शिळेच, असे सासूबाईंचे मत आहे. परवा पंप लावून पाहिला, तेव्हा वीस मिनिटांत जेमतेम तीस मिली दूध निघाले. आता पावडर सुरू करावी का?

उत्तर १ (स्तनपान समुपदेशक)
पंपाने किती दूध निघाले यावरून अंगावर किती दूध आहे हे ठरवू नये, कारण बाळ पंपापेक्षा चांगले ओढते. बाळाला लघवी नेहमीसारखी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर पावडरीची घाई नको. स्तन जितक्या वेळा रिकामे होतील तितके दूध तयार होते. म्हणून कार्यालयात दर तीन तासांनी दूध काढावे आणि घरी असताना, विशेषतः रात्री व पहाटे, अंगावरच पाजावे, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. अळिवाचे लाडू अवश्य खा, मात्र नुसत्या लाडवांवर भिस्त ठेवू नका.

उत्तर २ (मुलुंड)
काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते, पण आपल्याकडच्या उकाड्यात तो हिशेब न धरता ते लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवावे; फ्रिजमध्ये ते चार दिवस चालते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय २०१७ च्या कायदादुरुस्तीने बंधनकारक केली, पण गर्दीच्या लोकलमधून बाळाला तिथवर नेणार कोण? त्यापेक्षा कडी असलेली एक खोली लेखी मागा. मी चार महिने जुन्या फायलींच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून दूध काढले.

उत्तर ३ (दादर, एक आजी)
शिळ्या दुधाचा हट्ट मीही सुनेपाशी धरला होता. डब्यातल्या दुधावर साय दिसली, तेव्हा ते नासले असे समजून मी दोन वाट्या दूध मोरीत ओतले आणि सून संध्याकाळी रडली. ती साय म्हणजे दुधातला स्निग्धांश असतो आणि डबा हलक्या हाताने हलवला की तो मिसळतो, हे मला नंतर कळले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे मातांनी दिलेले दूध साठवून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजतात, एवढे सासूबाईंना सांगा. नंतर मी स्वतः डब्यावर तारीख-वेळ लिहू लागले, गरम पाण्यात डबा ठेवून दूध कोमट करू लागले आणि नातवाला ते बोंडल्याने पाजू लागले. सहा महिने झाले की पेज आणि वरणही सुरू होईल. मग दुपार निभावणे त्यांना सोपे जाईल.